माणच्या माळाला महाबळेश्वर करण्याचा हट्ट

मृग निघाला की साताऱ्याच्या पूर्व भागात दोन गोष्टी हमखास उगवतात, टाकळा आणि वृक्षारोपणाचे फलक. फलकावरचा मजकूर ठरलेला असतो: झाडं लावा, पाऊस येईल. गेल्या काही वर्षांत त्याला उत्तर देणारी दुसरी फौजही तयार झाली आहे. 'झाडं पाऊस आणत नाहीत, उलट पाणी पितात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय,' असं म्हणत ती एखाद्या परदेशी अभ्यासाचं कात्रण पुढे करते. पंधरा दिवस भांडण चालतं आणि आषाढात विझतं, पुढच्या मृगापर्यंत. गंमत अशी की शास्त्र दोन्ही बाजूंकडे आहे, फक्त दोघंही ते भलत्याच गावाला नेऊन लावतात. जंगल आणि पाणी यांचा हिशेब मातीची जाडी, उतार, झाडाची जात, दोन झाडांतलं अंतर आणि वर्षातला महिना यांवर फिरतो. म्हणून सह्याद्रीच्या माथ्यावरचं उभं जंगल एका झाडानेही कमी होऊ देऊ नये, आणि साताऱ्यातल्या माण-खटावच्या आणि सांगलीतल्या आटपाडी-जतच्या कोरड्या माळावर दाट लागवड करू नये, असं माझं मत आहे. ही दोन वाक्यं एकमेकांना छेद देणारी वाटतील. पण दोन्ही एकाच गणितातून निघतात.

आधी सगळ्यांचा लाडका पुरावा घेऊ. महाबळेश्वरला जंगल आहे म्हणून तिथे साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, माणमधल्या दहिवडीला जंगल नाही म्हणून पाचशेच्या आसपास. बरं, मग पाचगणीचं काय करायचं? महाबळेश्वरपासून वीस किलोमीटरही नाही, झाडी भरपूर, उंचीही जवळपास तेवढीच, तरी पाऊस दोन हजाराच्या आत. घाट उतरून वाईला आलं की सातशे-आठशे. एवढ्या अंतरात झाडी इतक्या पटींनी घटते काय? घटतो तो डोंगराचा अडसर. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीच्या भिंतीला धडकून वर चढतो, थंड होतो, पाणी टाकतो आणि पूर्वेला उतरताना तापून कोरडा होतो. महाबळेश्वरची जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा ही झाडं त्या पावसाची लेकरं आहेत, आईबाप नव्हेत. कासचा सडा तर याहून बोलका आहे. तिथे पाऊस बदाबदा पडतो आणि पठारावर झाड शोधावं लागतं, कारण कातळावर माती वीतभरही नाही.

कार्यकारण उलटं धरण्याची ही खोड आपली एकट्याची नाही. १८०० मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट व्हेनेझुएलातल्या व्हॅलेन्सिया सरोवराकाठी पोचला तेव्हा पाणी मागे हटलेलं होतं. त्याने जंगलतोडीकडे बोट दाखवलं. निळीच्या मळ्यांसाठी वळवलेले ओढेही त्याने पाहिले होते, पण पुढच्या पिढ्यांनी तोड तेवढी लक्षात ठेवली. दोन दशकांनंतर फ्रेंच शास्त्रज्ञ बूसँगो तिथे गेला तर सरोवर चढलेलं. स्वातंत्र्ययुद्धात मळे ओस पडून रान माजलं होतं, म्हणजे सिद्धांत पक्का झाला! पण मळे ओस पडले की वळवलेलं पाणीही सरोवराकडे परत फिरतं, त्याचं श्रेय कोणाच्या खात्यावर मांडायचं? अमेरिकेने तर याचा कायदाच केला. १८७३ च्या त्या कायद्यानुसार गवताळ मैदानात १६० एकर घ्या आणि ४० एकरांवर झाडं लावा, जमीन तुमची. झाडांमागून पाऊस येईल ही त्यामागची एक आशा होती. पाऊस आला नाही, बहुतेक झाडं वाळली, जमिनींची दलाली मात्र जोरात झाली आणि १८९१ मध्ये कायदा गुंडाळावा लागला.

आपल्याकडे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेले अलेक्झांडर गिब्सन घाटावरची तोड आणि आटते झरे यांची सांगड घालत होते. त्यांचं निरीक्षण अगदीच चुकीचं नव्हतं. पण त्याच विचारातून, १८७८ च्या कायद्याच्या जोरावर, रानं लोकांकडून काढून घेतली गेली. त्याला सगळ्यात नेमकं उत्तर दिलं ते मूळच्या खटाव तालुक्यातल्या कटगुणच्या घराण्यातल्या माणसाने. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना पावसाशी वाद घातलाच नाही, त्यांनी माती धरली. डोंगरावरचा पालापाचोळा आणि मेलेल्या किड्यामुंग्यांचं सत्त्व वळवाच्या पाण्याबरोबर शेतात येतं, म्हणून पलटणी आणि पोलिसांच्या हातून ताली-बंधारे घालून घ्यावेत, पाणी आधी शेतात मुरावं आणि मग नदीनाल्याला मिळावं, असं ते सांगतात. आजच्या जलशास्त्राचा निम्मा पाठ त्यात आहे.

आता 'झाडं पाऊस आणतात' म्हणणाऱ्यांची सगळ्यात भक्कम बाजू. सत्तरच्या दशकात ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेयास सलाती यांनी ॲमेझॉनच्या पावसातले ऑक्सिजनचे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड प्रकार, तपासले. जड ऑक्सिजनचं पाणी आधी गळतं, त्यामुळे ढग समुद्रापासून आत जातील तसं पावसाचं पाणी हलकं होत जायला हवं. ॲमेझॉनमध्ये ते अपेक्षेइतकं हलकं होत नव्हतं, म्हणजे जंगल पडलेलं पाणी पुन्हा हवेत सोडत होतं. तिथला जवळपास निम्मा पाऊस असा फिरून येतो, असा हिशेब निघाला. २०१० मध्ये व्हान डर एंट आणि सहकाऱ्यांनी जगाचा ताळेबंद मांडला: जमिनीवर पडणाऱ्या पावसापैकी सुमारे ४० टक्के पाणी जमिनीवरूनच उडालेलं असतं. २०१२ मध्ये स्प्रॅकलेन यांच्या गटाने दाखवलं की उष्ण कटिबंधातल्या बहुतेक भागांत आधीचे काही दिवस दाट हिरवाईवरून आलेली हवा उघड्या जमिनीवरून आलेल्या हवेच्या किमान दुप्पट पाऊस देते. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये जंगलाची शेती होण्याचा संबंध मोसमी पाऊस क्षीण होण्याशी जोडला आणि २०१८ मध्ये पश्चिम घाटाच्या जंगलांचं बाष्प तमिळनाडूच्या पावसात मोठा वाटा उचलतं, तुटीच्या वर्षी तर अधिकच, हे मॉडेलने दाखवलं. हे सगळं थोतांड म्हणून उडवून लावणारा माणूस वीस-तीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकावर थांबलेला आहे.

पण या अभ्यासांतलं अंतराचं माप कोणी वाचतं का? त्यांतली बाष्पं शेकडो किलोमीटर प्रवास करतात. घाटातल्या झाडाने सोडलेलं पाणी तमिळनाडूत पडतं, घाटात नव्हे. मग दहिवडीजवळच्या २० हेक्टरांवर लावलेल्या रोपांचं बाष्प दहिवडीवरच कसं बरसेल? जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून येतो. माणदेशाच्या वाऱ्याकडच्या अंगाला जावळी, पाटण, कोयना आणि चांदोली आहे. बाष्पाच्या फेऱ्याचं हे शास्त्र मनावर घेतलं तर माणच्या शेतकऱ्याने आपल्या माळावर खड्डे घेण्याआधी जावळीतल्या जंगलात रिसॉर्टसाठी होणाऱ्या सपाटीकरणाविरुद्ध बोलायला हवं. तसं बोललेलं फारसं ऐकू येत नाही. खड्ड्यांचं बिल निघतं, बोलण्याचं निघत नाही.

दुसऱ्या फौजेचा पुरावाही तितकाच दणकट आहे. एकमेकांसारखे दोन छोटे पाणलोट घ्यायचे, काही वर्षं दोन्हींचा ओढा मोजायचा, मग एकातलं जंगल तोडायचं किंवा त्यात जंगल लावायचं आणि दुसरा तसाच ठेवायचा, अशी ही जोडीची पद्धत. स्वित्झर्लंडच्या एमेन्टालमध्ये आणि अमेरिकेच्या कोलोरॅडोत ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सुरू झाली. १९८२ मध्ये बॉश आणि ह्युलेट यांनी अशा ९४ पाणलोटांचा गोषवारा काढला: सूचिपर्णी किंवा निलगिरीचं आच्छादन १० टक्क्यांनी बदललं की वर्षाचा प्रवाह सुमारे ४० मिलिमीटरने उलट दिशेला बदलतो. एक मिलिमीटर म्हणजे हेक्टरी १० हजार लिटर, म्हणजे हे चार लाख लिटर झाले. २००५ मध्ये जॅक्सन यांच्या गटाला आढळलं की गवत-झुडपांवर लागवड केल्याने प्रवाह सरासरी निम्म्यावर येतो आणि १३ टक्के ओढे किमान एक वर्ष पूर्ण कोरडे पडतात. परदेशी नको असेल तर उटीजवळचं ग्लेनमॉर्गन घ्या. तिथे निलगिरीची झाडं लावलेल्या पाणलोटात पहिल्या दहा वर्षांत पाणी सुमारे १६ टक्क्यांनी घटलं, आणि झाडं तोडल्यावर आलेल्या फुटव्यांच्या फेरीत २५ टक्क्यांच्या आसपास. दक्षिण आफ्रिकेने तर १९९५ पासून पाण्यासाठी परदेशी झाडं उपटण्याचा सरकारी कार्यक्रमच चालवला आहे.

इथपर्यंत त्यांचं बरोबर. चूक होते ती पुढच्या उडीत, 'म्हणून झाड म्हणजे पाण्याचा शत्रू' या. यातले बहुतेक प्रयोग चांगल्या, भुसभुशीत, न तुडवलेल्या मातीवर झाले. तिथे जंगल असो वा गवत, पाऊस मुरतोच, फरक उरतो तो बाष्पाचा. शिवाय ते वर्षाची बेरीज सांगतात. आपल्या भागात बेरजेचं दुःख कोणाला आहे? दुःख फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांचं आहे. ब्रुइनझील हे डच जलशास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून हेच बजावत आले आहेत: तुडवून घट्ट झालेल्या जमिनीवर झाडांमुळे वाढलेली मुरण ही त्यांनी उडवलेल्या पाण्यापेक्षा जास्त असेल तर उन्हाळ्यातला ओढा वाढतो, कमी असेल तर आटतो. उत्तर कन्नडमध्ये जगदीश कृष्णस्वामी, बोनेल आणि सहकाऱ्यांनी नैसर्गिक जंगल, ऱ्हास झालेली जमीन आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड यांची तुलना केली. भूजलाकडे जाणारं पाणी नैसर्गिक जंगलात सरस ठरलं. लागवडीखालच्या जमिनीला ती पातळी गाठता आली नव्हती, झाडं वाढली तरी माती तेवढ्या वेगाने सुधारत नाही.

आणि जगभरची आकडेवारी एकत्र करून छातीठोक निष्कर्ष काढणं किती घसरडं आहे? २०१९ मध्ये 'नेचर'सारख्या नियतकालिकात जंगल-व्यवस्थापन आणि ओढ्यांचे प्रवाह यांवरचा एक जागतिक आढावा छापून आला. इतरांनी मूळ नोंदी ताडून पाहिल्या, चुका निघाल्या आणि २०२० मध्ये तो मागे घ्यावा लागला. कात्रण दाखवणाऱ्यांनी हेही दाखवावं. २०२२ मधला एक अभ्यास मला अधिक प्रामाणिक वाटतो. बाष्पाचा खर्च आणि फिरून आलेला पाऊस दोन्ही धरून त्याने मांडलं की जगभर झाडं वाढवली तर काही प्रदेशांत पाणी ६ टक्क्यांपर्यंत वाढेल आणि काहींत ३८ टक्क्यांपर्यंत घटेल. उत्तर गावागणिक बदलतं, एवढाच त्याचा अर्थ.

मग माणच्या माळाचं गणित मांडू. धरा, शेरडा-मेंढरांनी तुडवलेला, पापुद्रा धरलेला मुरमाड माळ तासाला १५ मिलिमीटर पाणी पितो. वळीव तासात ४० मिलिमीटर ओततो. २५ मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी अडीच लाख लिटर, गढूळ होऊन ओघळीने जातं. वर्षात असे पाच वळीव-परतीचे तडाखे धरले तर १२५ मिलिमीटर गेलं. माळावर गवत आणि विरळ झाडं आली, पापुद्रा फुटला, मुळांच्या वाटा झाल्या, तर यातलं बरंचसं मुरेल. झाडांचा बाष्पाचा जादा खर्च त्याहून कमी राहिला तर विहिरीला फायदा. आता त्याच हेक्टरावर तीन बाय तीन मीटरवर ११११ निलगिरी किंवा सुबाभूळ लावा. वयात आल्यावर त्यांनी वर्षाला २०० मिलिमीटर जास्त उडवलं तर कमाई १२५ आणि खर्च २००. पाचशे मिलिमीटरच्या मुलखात ७५ चा तोटा कुठून भरायचा?

'पण आमच्या गावात झाडं लावली आणि विहिरींना पाणी आलं' हा आक्षेप गंभीर आहे, कारण पाणी खरंच आलेलं असतं. त्याच वर्षी त्या डोंगरावर आणखी काय काय झालं ते मात्र कोणी सांगत नाही. सलग समतल चर खोदले गेले: ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल, म्हणजे मीटरमागे १८० लिटर. दहा मीटर अंतराने घेतले तर हेक्टरी १८ मिलिमीटर पाणी एका भरणीत अडतं. चराईबंदी झाली, कुऱ्हाडबंदी झाली, ओढ्यावर बंधारे पडले. गुडघ्याएवढ्या रोपाने यात काय केलं? २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेत, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं ते प्रामुख्याने माती-दगडाच्या श्रमदानावर. शिवाय आपला खडक फसवतो. मुरूम आणि मांजऱ्या खडकात पाणी साठायला जागा फार तर दोन-तीन टक्के. दोन टक्के धरली तर विहीर मीटरभर चढायला अवघं २० मिलिमीटर पाणी पुरतं, गावाला वाटतं समुद्र आला. आणि खोल मुळांच्या दाट झाडीने उन्हाळ्यात दिवसाला दोन मिलिमीटर ओढलं तर तोच मीटर दहा दिवसांत उतरतो.

यावर सगळ्यात उपयोगी काम बुर्किना फासोमध्ये झालंय. इल्स्टेड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की शेतात शिआची विरळ झाडं असलेल्या भागात भूजलभरण सर्वाधिक होतं, झाडं अजिबात नसताना कमी आणि दाट असतानाही कमी. कारण साधं आहे. झाडाखालची भुसभुशीत माती बुंध्याबाहेरही बरीच पसरते, एका झाडाचा बाष्पखर्च तेवढाच राहतो. आपल्याकडे याचा नमुना परदेशातून आणायची गरज नाही. बांधावरचं लिंब, माळावरची हिवर, बोर, बाभूळ, खाली पवना आणि मारवेल, हेच ते. मेंढपाळ ज्याला कुरण म्हणतो आणि सरकारी नकाशा ज्याला पडीक म्हणतो. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्याने ५० कोटी झाडांचा संकल्प सोडला, शेवटच्या एका वर्षाचा आकडा ३३ कोटी होता. अशा आकड्याला जागा लागते आणि ती शोधताना पहिली नजर जाते 'पडीक'वर. मग चांगलं गवत उकरून ४५ सेंटिमीटरचे खड्डे. गवताची गड्डी निघाली की तिथे मुरणं आधी घटतं, झाड जगलं तर पुढे कधीतरी वाढतं.

(झाड पाणी पितं म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या शेतात बहुधा ऊस असतो, आणि तो दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पितो. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं उचललेलं पाणी आटपाडी-जतला पोचतंय याचा आनंदच आहे, पण पाणी पिण्याचा गुन्हा लावायचा तर आरोपींची यादी पूर्ण हवी.)

आता घाटमाथा. इथेही तेच गणित, फक्त आकडे उलटे पडतात. कोयनेचं पाणलोट सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. जंगल गवतापेक्षा वर्षाला ३०० मिलिमीटर जास्त उडवतं असं धरलं तर जंगल साफ केल्यास साडेनऊ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी 'वाढेल'. तोडायचं का मग? ते पाणी येईल जुलै-ऑगस्टमध्ये, दरवाजे उघडण्याच्या घाईत, गाळ घेऊन. उन्हाळी झरे जातील आणि १०५ टीएमसीच्या धरणात माती साठेल. जिथे पाच हजार मिलिमीटर पडतं तिथे तीनशेचा खर्च किरकोळ, मातीचं रक्षण मोठं.

मात्र जंगलाच्या बाजूने बोलताना खोटं बोलायचं कारण नाही. 'सह्याद्रीवर झाडी असती तर सांगली बुडाली नसती' हे दर पुरानंतर ऐकू येतं. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला. मीटरभर खोल जंगली मातीत १५ टक्के पोकळी रिकामी धरली तरी १५० मिलिमीटर मावेल, आणि जुलैअखेर ती रिकामी नसतेच. अन्न व कृषी संघटनेच्या २००५ च्या अहवालाने हेच सांगितलं होतं: जंगल लहान पाणलोटातले लहान-मध्यम पूर बोथट करतं, मोठ्या नदीचा महापूर नाही. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५. तेव्हा कोयना-चांदोलीचं जंगल जागेवरच होतं. सांगलीचा प्रश्न पूररेषेतल्या बांधकामांचा आणि धरणांच्या विसर्गाचा आहे. तो झाडांच्या गळ्यात घातला की बांधणारे सुटतात.

इतका वाद असूनही सातारा-सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत लागवडीच्या कामात रोपं मोजतात, ओढा मोजत नाहीत. मोजणं अवघड नाही. ओढ्यावर काँक्रीटची आडभिंत, मधोमध लोखंडी पत्र्यात ९० अंशांची व्ही आकाराची खाच, आणि मागे, खाचेवरच्या घसाऱ्यापासून लांब, उंचीची पट्टी. खाचेतून पाणी ५ सेंटिमीटर उंच असेल तर सेकंदाला सुमारे पाऊण लिटर, म्हणजे दिवसाला ६५ हजारांच्या वर, १० असेल तर सव्वाचार-साडेचार लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाचपटीच्या पुढे जातो, म्हणून ५ ऐवजी साडेपाच वाचलं तर उत्तर सव्वापट निघतं. खाचेत पान अडकलं, भिंतीमागे गाळ भरला किंवा पाणी मुरमातून भिंतीखालून निसटलं तर नोंद फुकट, तेव्हा पाया कातळापर्यंत न्यायचा आणि गाळ दर पावसानंतर काढायचा. विहिरीची पातळी पहाटे, मोटार सुरू होण्याआधी, काठावरच्या एकाच खुणेपासून. शेजारी एक पर्जन्यमापक, कारण महसूल मंडळाच्या ठिकाणचा पाऊस आपल्या डोंगरावरचा नसतो.

आणि ओढे दोन हवेत, एकासारखा एक. दोन-तीन पावसाळे दोन्ही नुसते मोजायचे, मग एकावर काम करायचं आणि दुसऱ्याला पाच-सात वर्षं हात लावायचा नाही. ग्रामसभेत सगळ्यात कठीण हेच जाईल. म्हणून कोणत्या ओढ्यावर खड्डे घ्यायचे ते सगळ्यांदेखत नाणं उडवून ठरवावं, नाहीतर ज्याच्या काठाला सरपंचाची विहीर आहे तोच निघतो.